साठानं गुणायचं राहिलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. एकदा गावी, उमरीला गेलो होतो, भाऊ आणि मी शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी बसलो होतो, तेव्हा अगदी ओठावर आलं होतं – पण तो मध्येच सोयाबीनच्या भावाचं काढून बसला आणि मी सुटलो. सुटलो असंच वाटलं, बघा. सांगायचं राहिलं याची रुखरुख नाही, सुटल्याचा आनंद. माणूस स्वतःला ओळखतो का? मला वाटतं, अशा वेळी बरोबर ओळखतो, आणि लगेच दुसरीकडं बघतो.

मी लातूरला एका कॉलेजात गणित शिकवतो. माझं नाव प्रमोद. आडनाव राहू द्या. पोरं मला घाबरून असतात, कारण मी एककांचे मार्क कापतो. उत्तर बरोबर आलं, पण पुढं सेकंद का मिनिट ते लिहिलं नाही – मार्क गेले. "सर लई कडक हायत," असं व्हरांड्यात बोलतात. मला ऐकू येतं. मी ऐकलं नाही असं दाखवून पुढं जातो.

गोष्ट शाहीनची आहे. नाही – गोष्ट माझीच आहे, पण तिला घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

वीस वर्षं उलटून गेली. नांदेडला एका संशोधन केंद्रात आम्ही दोघं पीएच.डी. करत होतो. केंद्राचं नाव घेत नाही. त्याचा काही दोष नाही. मी शेतकऱ्याच्या घरातला, गणितात एम.एस्सी. झालेला. शाहीन सूक्ष्मजीवशास्त्राची. ती नांदेडचीच. तिच्या अब्बांचं गाद्या-रजया भरून द्यायचं दुकान होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो; त्यांच्या भुवयांवर कायम कापसाचे बारीक तंतू असायचे. घरात कॉलेज पुरं केलेली ती पहिली. मामा-चुलते म्हणायचे, मुलीचं वय चाललंय. चाचा म्हणायचे, पढने दो. त्या दोन शब्दांवर त्यांनी सगळा गोतावळा अंगावर घेतला होता.

आमच्या मार्गदर्शक सरांचा विचार तेव्हा, आमच्या भागात तर, अगदी नवा होता. पेशीच्या आत निरोप कसे जातात, ते कोण चालू करतं, कोण थांबवतं – हे नुसत्या प्रयोगानं कळणार नाही आणि नुसत्या गणितानंही कळणार नाही. म्हणून एकानं समीकरणं मांडायची, दुसऱ्यानं प्रयोग करायचे, आणि दोघांनी एकमेकांच्या चुका पकडायच्या. "तुम्ही एकमेकांचे चौकीदार," असं सर म्हणायचे. चांगला माणूस. मी फसवलं ते त्यांनाही.

विषय थोडक्यात सांगतो, कंटाळू नका. त्याशिवाय मी काय केलं ते नीट कळायचं नाही. पाव फुगवायला यीस्ट टाकतात ना – त्यातली एकेक पेशी म्हणजे एकेक जीव. तिला एकदम खारट पाण्यात टाकलं की तिच्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं, ती आक्रसते. मग पेशीच्या कडेची प्रथिनं आत निरोप धाडतात, एक दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटचं प्रथिन थेट केंद्रकात शिरतं – मीठ आलंय, तयारीला लागा. पेशी तयारीला लागते, पाणी धरून ठेवते, पुन्हा पहिल्यासारखी होते. आणि निरोप थांबतो. आमचा प्रश्न एवढाच होता – थांबतो कशानं? निरोप आपणच मागं एखादा ब्रेक तयार करत जातो, आणि तो ब्रेक पुढं बराच वेळ दाबलेला राहतो? का पेशी सावरली, म्हणून निरोपाची गरजच संपते?

परीक्षा सोपी होती. एकदा मीठ द्यायचं. पेशीला सावरू द्यायचं, मीठ धुऊन काढायचं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेवढंच मीठ द्यायचं. ब्रेक दाबलेला असला तर दुसऱ्या वेळी निरोप अडखळेल. नसला तर पहिल्याइतकाच जोरात जाईल.

माझ्या समीकरणांच्या मॉडेलनं सांगितलं – अडखळणार. कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघ पहिल्यांदा डोंगरासारखी चढायची आणि दुसऱ्यांदा नुसती टेकडी. देखणी रेघ होती. कुणीही पाहुणा आला की सर त्याला माझ्या खुर्चीशी घेऊन यायचे.

शाहीनच्या प्रयोगात दुसऱ्यांदाही डोंगरच यायचा.

तिनं त्या शेवटच्या प्रथिनाला हिरवं चमकणारं शेपूट जोडून घेतलं होतं. मायक्रोस्कोपखाली ती चमक केंद्रकात गोळा झाली की निरोप पोचला असं समजायचं. हे सांगायला सोपं. तेव्हाचं नांदेडचं भारनियमन ज्यांनी काढलंय त्यांना विचारा. प्रयोग अर्ध्यावर आला की लाइट जायची. शाहीन बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन बसायची, लाइट आली की पहिल्यापासून सुरू करायची. कुरकुर नाही. दुपट्टा मागं गाठ मारून बांधायची आणि पुन्हा थेंब मोजायचं पिपेट हातात.

सरांनी तिला प्रयोग पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा डोंगर. आणखी एकदा. डोंगरच. मग एका बैठकीत सगळ्यांसमोर सर म्हणाले, "गणिताला हात नसतात, शाहीन. हात आपल्याला असतात. मग चूक कुठं असणार?" दोघं-तिघं हसले. सर माझ्याकडं वळले – "प्रमोद, तुला काय वाटतं?"

तोवर मला काही माहीत नव्हतं. इथवर मला निर्दोष धरा, हवं तर. मी म्हणालो, "दुसऱ्या वेळचं मीठ जास्त पडत असंल सर. माप घेताना हात हलत असंल."

एवढंच. एक अंदाज. पण त्या दिवसापासून 'शाहीनचा हात' ही आमच्या प्रयोगशाळेतली म्हण झाली. कुणाकडून चहा सांडला – शाहीनचा हात लागला वाटतं. काचेची नळी फुटली – शाहीनचा हात. ती पण हसायची. सुरुवातीला खरंच हसायची.

तिनं काय काय केलं म्हणून सांगू? पिपेट तपासून आणलं. मिठाचं पाणी दुसऱ्याच मुलीकडून तयार करून घेतलं, म्हणजे आपला हातच नको. दोन्ही वेळचं मीठ एकाच बाटलीतून घेतलं. डोंगर काही खाली येईना.

आणि मग – हे लिहिताना मी मघाशी उठून एक फेरी मारून आलो – मग सरांना हैदराबादला एका परिषदेत आमचं काम मांडायचं होतं. मॉडेलमधल्या सगळ्या आकड्यांचा तक्ता कर, म्हणाले. दुपारची वेळ. बाहेर रणरणतं ऊन, आत पंखा गरम हवा फिरवत होता. मी एकेक आकडा घेत होतो – कुठून घेतला, एकक काय. ब्रेक किती वेगानं विरून जातो, याचा आकडा मी एका जुन्या लेखातून उचलला होता. लेख पुन्हा उघडला. तो आकडा दर सेकंदाचा होता. माझं सगळं मॉडेल मिनिटांत चालायचं.

साठानं गुणायचं राहिलं होतं.

गुणलं. मॉडेल पुन्हा चालवलं. माझा ब्रेक साठपट लवकर विरला, आणि ती दुसरी टेकडी चढत चढत पहिल्या डोंगराच्या उंचीला जाऊन थांबली. शाहीनच्या आलेखावर ठेवली असती तर दोन रेघा वेगळ्या ओळखू आल्या नसत्या.

शाहीन तेव्हा कुठं होती? पलीकडच्या खोलीत. तोच प्रयोग परत करून राहिली होती. मधे एक दार, तेही उघडंच. तिची पाठ दिसत होती. मला फक्त हाक मारायची होती. "शाहीन, इकडं ये गं, गंमत दाखवतो" – असं म्हटलं असतं तर ती धावत आली असती, माझ्या पाठीत धपाटा घातला असता, आणि सरांनी दोघांना चहा पाजला असता. माझी खात्री आहे. असंच झालं असतं.

मी उठलो. दारापर्यंत गेलो. माठातलं पाणी प्यालो आणि परत आलो. आकडा होता तसा परत टाकला. आणि तक्त्यात त्याच्यापुढं लिहिलं – 'दर मिनिट'.

चूक ती पहिली होती. ही चूक नव्हे.

वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो की घाबरलो होतो. लातूरच्या कॉलेजात जागा निघायची होती, सरांची शिफारस लागणार होती, परिषद तोंडावर आली होती. घाबरणं कसं, लोकांत खपून जातं. पण खरं सांगू? भीती थोडीच होती. सर रागावले असते, एखादा आठवडा नीट बोलले नसते, संपलं. चुका पकडण्यासाठीच तर आम्हाला एकत्र बसवलं होतं.

खरं असं आहे की मला बरं वाटत होतं.

शाहीन माझ्यापेक्षा हुशार होती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि मला सगळ्यांत जास्त. मी फळ्यावर समीकरण मांडलं की ती एखाद्या पदावर बोट ठेवायची – "हे इथं कशाला पाहिजे?" – आणि मला ते पद पुसून टाकावं लागायचं. गणित माझं, आणि प्रश्न तिला पडायचे. सर काहीही नवीन आलं की आधी तिला विचारायचे, मग मला. त्या बैठकीनंतर ते आधी मला विचारायला लागले. बस, एवढंच होतं. त्या 'आधी'ची चव लागली होती. ती हसत हसत टोमणे गिळायची तेव्हा मी पण हसायचो, आणि आत कुठंतरी गुळाचा खडा विरघळल्यासारखं वाटायचं. हे मी आज पहिल्यांदा लिहिलं. वाचून बघितलं तर अक्षर माझंच आहे.

थोड्या दिवसांनी तिनं मला जिन्यात गाठलं.

"प्रमोद, एक विचारू? राग नको येऊ देऊ."

"बोल की."

"तुझ्या मॉडेलात कुठं गफलत तर न्हाई ना? मी सगळं बघितलं रे. आता माझ्याकडं तपासायला काही उरलंच न्हाई."

ती माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. संशयानं नाही. आशेनं. तुम्हाला कुणी कधी तसं बघितलंय का – माझी सुटका तुझ्याकडं असली तर दे, असं?

"आत्ताच तर तक्ता केलाय," मी म्हणालो. "एकूण एक आकडा तपासला. काही न्हाई."

तिनं मान हलवली. "मग माझंच असंल," म्हणाली, आणि खाली उतरून गेली.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं मानलं नसतं, ती तशी ऐकणारी नव्हती. पण मी तिचा चौकीदार होतो ना.

त्यानंतर मात्र तिचा हात खरोखरच कापायला लागला. आधी कापत नव्हता, शपथेवर सांगतो. मग माप घेताना ती श्वास धरायची, थांबायची, पुन्हा घ्यायची, घेतलेलं टाकून द्यायची. साध्या कामाला दुपार जायची. एकदा एका ज्युनिअरनं विचारलं, "दीदी, मी करू का?" आणि शाहीननं पिपेट तिच्या हातात दिलं. पुढं एके दिवशी ती आलीच नाही. सरांनी फोन केला तर तिनं सांगितलं, घरात लग्नाचं बोलणं चाललंय, मी थांबते.

तिचं सामान न्यायला चाचा आले. ॲप्रन, दोन पुस्तकं, डबा. सर बाहेरगावी होते, म्हणून त्यांनी मलाच गाठलं. भुवयांवर कापूस तसाच. सामानाची पिशवी छातीशी धरून उभे राहिले. जायची घाई नव्हती, काहीतरी विचारायचं होतं.

"बेटा, बच्ची का क्या चुका? मेरेकु बोलो. घर में कुछ बोलतीच नहीं."

मी काय सांगितलं? "काही चुकलं न्हाई, चाचा. हे काम जरा नाजूक असतं. सगळ्यांच्या हाताला नसतं येत."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमने सँभाल लिया उसको," म्हणाले, आणि गेले. नातेवाइकांपुढं 'पढने दो' म्हणणाऱ्या माणसाकडं त्यानंतर म्हणायला काय उरलं असेल?

पुढचं लवकर सांगतो, कारण ते फार सहज झालं. शाहीन गेल्यावर काही महिन्यांनी मी सरांना म्हणालो, मॉडेलवर नव्यानं विचार केलाय, ब्रेक बहुतेक फार लवकर विरत असावा. 'नव्यानं विचार' – असे शब्द मी वापरले. साठानं गुणलं. त्या ज्युनिअरनं प्रयोग पुन्हा केला. डोंगर आला. गणित आणि प्रयोग एकमेकांवर बसले. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी पेढे आणवले. पेढा तोंडात असतानाच ते मध्येच थांबले. "म्हणजे शाहीनचं बरोबर येत होतं की काय रे?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. आणखी एक दार उघडलं होतं, बघा – कुणीतरी स्वतः येऊन उघडून दिलेलं.

"तिचे आकडे योगायोगानं जुळले असतील, सर. तिच्या मापाचा काही भरवसा नव्हता."

सरांनी मान डोलावली. लेख छापून आला. त्यात माझं नाव पहिलं, मग त्या ज्युनिअरचं, मग सरांचं. खाली आभारात चार-पाच जणांची नावं होती, शाहीनचं नव्हतं. सरांनी विचारलं होतं, टाकायचं का? मी म्हणालो, अर्धवट सोडून गेलेल्यांचं कुठं टाकतो आपण? त्या लेखावर मला लातूरची नोकरी लागली. आजही कुठं बोलायला बोलावतात तेव्हा ओळख करून देणारा तोच लेख सांगतो – गणित आणि प्रयोग यांची सांगड. मी मान खाली घालून ऐकतो. लोकांना तो विनय वाटतो.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सांगून टाकलं यानं. नाही. एवढं मी कधी ना कधी सांगितलंही असतं. तरुणपणी झालं, कळत नव्हतं, असं म्हणून माणूस पचवून नेतो. जे सांगवत नाही ते गेल्या वर्षीचं आहे.

शाहीनचं लग्न कंधारला झालं. नवऱ्याचं चपला-बुटांचं दुकान आहे, माणूस चांगला आहे असं कानावर होतं. बाकी काही संबंध राहिला नव्हता. गेल्या वर्षी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "प्रमोदसर, मी शाहीन बोलते. नांदेडची." तिची मुलगी, इकरा, लातूरला हॉस्टेलवर राहून बारावीचे क्लास करत होती. निकाल लागला होता. डॉक्टरकीइतके मार्क पडले नव्हते. जरा सल्ला पाहिजे, घरी येऊ का, असं तिनं विचारलं. 'सर' आणि 'तुम्ही' – मला ते दोन्ही खटकलं, आणि बरंही वाटलं.

आल्या दोघी. शाहीन जाड झाली होती, चष्मा लागला होता. हसणं तेवढं जुनं. इकरा सडपातळ, बोलकी, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारी. बायकोनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. खाऊन झाल्यावर शाहीननं विषय काढला.

"हिला जरा समजावा तुम्ही. डॉक्टर न्हाई तर न्हाई, पण ही म्हणते मला प्रयोगशाळेतच काम करायचंय, पेशींवर. म्हटलं, बाई, त्या वाटेनं कोण गेलं आणि काय झालं, ते या सरांना विचार. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय."

"अम्मी, मॅडम म्हणतात, वर्गात स्लाइड मीच चांगली करते," इकरा म्हणाली.

"स्लाइडचं काय घेऊन बसलीस? पुढं गेल्यावर कळतं." शाहीन माझ्या बायकोकडं वळून हसत सांगू लागली, "माझा हातच न्हाई ना चालला, वहिनी. सर साक्षीला हायत. कंधारला एका डॉक्टरनं लॅब टाकली, मला बोलावलं होतं दोनदा. न्हाई गेले. म्हटलं, तिथं यीस्ट न्हाई, माणसाचं रक्त असतं. माझ्या हातानं रिपोर्ट चुकला तर कुणाच्या जिवावर येईल. आणि हिनं नेमका माझाच हात घेतलाय, चहा गाळताना बघा तुम्ही."

बायको हसली. इकरा नाही हसली. ती माझ्याकडं बघत होती.

सांगायची वेळ होती ना? याहून चांगली कोणती येणार? दोघी समोर बसलेल्या, बायकोही होती. तोंड उघडायचं आणि म्हणायचं – शाहीन, तुझं बरोबर होतं. पाच शब्दही लागत नाहीत.

मी काय केलं सांगतो. मी हिशेब केला. ही पोरगी या विषयात गेली, तर आज ना उद्या तिच्या हातात आमचा लेख पडणार. हाच विषय, नांदेडचं काम, माझं नाव. कौतुकानं घरी घेऊन जाणार – अम्मी, हे बघ सरांचं. शाहीन चष्मा पुसून आलेख बघणार. दुसरा डोंगर बघणार. तिला किती वेळ लागला असता?

म्हणजे ती गेलेली मला परवडणार नव्हती.

मी घसा खाकरला. "इकरा, आईचं ऐक, बेटा," मी म्हणालो. चांगल्या आवाजात म्हणालो. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज. "या कामात हुशारी नंतर, आधी हात लागतो. तो असावा लागतो, शिकवून येत नाही. तुझी आई माझ्यापेक्षा हुशार होती. तरी तिला सोडावं लागलं."

'माझ्यापेक्षा हुशार' – हे मी तिच्यासमोर पहिल्यांदा बोललो, आणि कशासाठी वापरलं बघा. शाहीनच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बायकोला म्हणाली, "बघा वहिनी, किती मोठं मन."

निघताना शाहीन खाली ऑटो थांबवायला पुढं गेली. इकरा दारात चप्पल घालता घालता थांबली.

"सर, अम्मीचं नेमकं काय चुकायचं?"

ती आईसारखीच विचारत होती, बोट ठेवून. खोटं टाळायचं असतं तर 'आता आठवत नाही' म्हणता आलं असतं. तेवढीही सूट मी घेतली नाही.

"दुसऱ्या वेळचं मीठ जास्त पडायचं," मी म्हणालो.

तिनं जरा विचार केला. "प्रत्येक वेळी? सारखंच जास्त?"

बघा. बारावीची पोरगी. जी शंका सरांना आली नाही, बैठकीत हसणाऱ्यांना आली नाही – हलणारा हात प्रत्येक वेळी सारखाच कसा हलेल? – ती तिला दारात उभ्या उभ्या आली. खालून शाहीननं हाक मारली. मी म्हणालो, "जा, अम्मी वाट बघतेय." ती गेली.

इकरा आता नांदेडला बी.कॉम. करून राहिलीय. पहिल्या वर्षाला बरे मार्क पडले असं ऐकलं. शाहीनला हे काहीच माहीत नाही. मी तिला सांगितलेलं नाही, आणि हे लिहून झाल्यावर तिच्याकडं पाठवीन असंही मला वाटत नाही.

ईदच्या दिवशी तिचा मेसेज आला. शिरखुर्म्याच्या वाटीचा फोटो, आणि खाली लिहिलं होतं – तुमच्यामुळं पोरगी वेळेत मार्गाला लागली, अल्लाह तुमचं भलं करो. मी तो दोनदा वाचला. मग हात जोडल्याचं चित्र पाठवलं.